आसराबाईचं दुखणं

“गोपे, बघ, हलली! माझीबी आधी करंगळीच हलल्ती.”

वाटूर फाट्यावर एस.टी.ची पायरी उतरताना तो जुना आवाज गोपिकाबाईच्या कानात आला आणि दांडीवरचा तिचा डावा हात निसटला. मागच्या बाईनं दंड धरला म्हणून तोल सावरला. कंडक्टरनं घंटीच्या दोरीवरचा हात तसाच थांबवला.

“सांभाळून मावशी. जल्दी न्हाई काही.”

तिनं नुसती मान हलवली. खाली उतरल्यावर पिशवी उजव्या हातात घेतली. डाव्या हाताला तिनं कित्येक वर्षांत असं वगळलं नव्हतं.

किल्लारीचा भूकंप झाला त्याच्या पुढचा तो उन्हाळा. लेकीची लेक लग्न होऊन केदारखेड्याला नांदायला गेली, आणि तिच्यासोबत पाठराखीण म्हणून गोपिकाबाई गेली होती. सत्तरीची पाठराखीण बघून नवरदेवाकडच्या पोरी तोंडाला पदर लावून हसल्या. “आजी, नवरीला तुम्ही सांभाळणार का नवरी तुम्हाला?” गोपिकाबाईनं तिथल्या तिथं परात ओढली, भिजवलेल्या रव्याचा गोळा घेतला आणि बोलता बोलता गव्हले वळायला बसली. दोन्ही हातांच्या चिमटीतून गव्हाच्या दाण्याएवढे, दोन्ही टोकांना निमुळते गव्हले पाखरांच्या दाण्यासारखे सुपात पडत गेले. हसणाऱ्या पोरी तिच्याभोवती शिकायला बसल्या. जाताना ती अशी गेली होती.

घराच्या गल्लीत शिरली तेव्हा उन्हं कलली होती. शेजारची आसराबाई ओट्यावर पाय पसरून तूर निवडत बसलेली. दोघींच्या घरांची मधली भिंत एकच. इकडं खलबत्ता वाजला की तिकडं चटणी कशाची ते कळायचं.

“आली का गं पाठराखीण! नातजावयानं लुगडं नेसवलं का चोळीच्या खणावर बोळवण केली?”

गोपिकाबाईनं तिच्याकडं बघितलं नाही. आत गेली आणि दिवसाउजेडी दाराला कडी घातली. आसराबाईचा हात सुपातच राहिला.

*

अंगावरून वारं गेलं तेव्हा गोपिकाबाई साठीच्या आतबाहेर होती. अंगणात शेण कालवताना ती डाव्या कुशीवर कलंडली आणि तोंडातून शब्द निघेना. मुलानं, मच्छिंद्रनं, बैलगाडीत घालून फाट्यावर आणलं, तिथून जालन्याला नेलं. परत आल्यावर तो ओसरीत कुणाला तरी सांगत होता, “डॉक्टर म्हणाले, जेवढं आलं तेवढं आलं. आता वय झालं. घरी सेवा करा.” वाकड्या तोंडातून बोलता येत नसलं तरी कान शाबूत होते. त्या दिवशी तिनं सुनेच्या हातची पेज परत लावली.

मग आसराबाई आली. येताना भिजवलेल्या रव्याचा गोळा घेऊन आली. निर्जीव डाव्या तळहातावर तिनं तो गोळा ठेवला, वरून आपली बोटं दाबली आणि म्हणाली, “वळ.”

गोपिकाबाईनं डोळे मिटून घेतले.

“डोळे काहून मिटतीस? मलाबी झाल्तं हे. तिसऱ्या बाळंतपणाला केदारखेड्याला गेल्ते तव्हा. तोंड असं वाकडं झाल्तं, का लेकरू भिऊन अंगावर पिईना. मंग? उठले का न्हाई? का ही भुताटकी बसली तुझ्यापुढं?”

रोज दुपारी ती यायची. गोळा तळहातावर ठेवायची आणि हलक्या गळ्यानं म्हणायची,

हाताची पाची बोटं, पाच लेकी एका घरी
रुसली धाकली लेक, तिची समजूत करी

आणि खरंच आधी करंगळी हलली. पुढं शब्द सुटे झाले तसं गोपिकाबाई विचारायची, “तुला भिंत धरून कधी चालता आल्तं?” आसराबाई जरा आठवल्यासारखं करायची. “मला? लई उशीर लागल्ता बाई. तू बिलकुल होशियार निघालीस.” प्रत्येक वेळी असंच. जिथं गोपिकाबाई पोचली असेल तिथं आसराबाई म्हणे तिच्यानंतर पोचली होती. आपण कुणाच्या तरी पुढं चाललोय, या आनंदात ती पाऊल टाकत गेली. वर्ष सरायच्या आत उंबरा ओलांडला. पुढं शेतात गेली, बाजारात गेली, पाच गावच्या लग्नांत गव्हले वळायला तिला बोलावणं येऊ लागलं. मच्छिंद्र गंमतीनं म्हणायचा, “आमची म्हातारी उलटी वाढून राह्यली.” वयाचं कुणी काढलंच तर ती आसराबाईच्या ओट्याकडं बोट करायची. “तिला इचारा. ती काय म्हातारी झाली का?”

*

केदारखेड्याला निघताना तिनं विचारलं होतं, “तुझ्या भावजयीला काय निरोप?”

“कशाला जातीस तिकडं,” आसराबाई म्हणाली होती. “भाऊ गेला, माहेर गेलं. कोन्ही न्हाई राहिलं तिथं.” साधा नारळसुद्धा तिनं दिला नव्हता.

पण कोणी कसं नाही? तिथून निघायच्या आदल्या दिवशी गोपिकाबाई विचारत विचारत त्या घरी गेलीच. आसराबाईची भावजय झुंबरबाई चिंचा फोडत बसली होती. तिनं बसायला पोतं टाकलं, गुळाचा खडा पुढं ठेवला.

“आसरावन्संनं पाठवलं का, विहीणबाई?”

“तिनं न्हाई. माझीच मी आले. तिच्यामुळं उभी हाय मी. ती या घरात जशी उठली, तसंच मला उठवलं तिनं.”

“उठल्या? कशातून?”

“अंगावरून वारं गेल्तं ना. तिसऱ्या बाळंतपणाला.”

झुंबरबाईच्या हातातला बत्ता थांबला. मग ती खळखळून हसली. “आसरावन्संला? अवो, त्यायचं कधी साधं डोकं दुखल्यालं न्हाई ठावं! ओल्या बाळंतीण असून विहिरीवर धुणं घेऊन जायच्या. कोनी सांगितलं तुम्हाला?”

गोपिकाबाईनं गुळाचा खडा मुठीत आवळला. झुंबरबाईचं हसू हळूहळू विरलं.

“वारं गेलं ते आमच्या सासूबाईच्या अंगावरून. वन्संच्या त्याच बाळंतपणात. ह्याच घरात पडून होत्या. भिंतीकडं तोंड केलं ते केलंच. पावसाळाबी काढला न्हाई.”

“उठल्या न्हाईत?”

“उठत्यात कशानं? भाकरच सोडली.”

सोनाराकडं खोटी निघालेली पुतळी पुन्हा पुन्हा उलटून बघावी, तसं गोपिकाबाईनं पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर आलं. गुळाचा खडा तिच्या तळहातात विरघळत राहिला.

*

घरी आल्यावर डाव्या हातातून आधी चहाची बशी पडली. मग भाकरी थापताना हात मध्येच जड झाला. सून उषाबाई घाबरली. मच्छिंद्रनं पुन्हा जालना गाठलं. आता डॉक्टर नवा, तरुण होता. त्यानं हात वर-खाली करून बघितला, तळव्याला टाचणी टोचली, दाब मोजला. “बराबर आहे सगळं. उगा खर्चा करू नका.”

बराबर होतं तरी हात उचलत नव्हता. उचलायची वेळ आली की आत कुणीतरी म्हणायचं, आसरा कधी पडलीच नव्हती. आसरा उठली म्हणून गोपी उठली. आसरा पडलीच नव्हती, तर गोपी उठली कशी? ही विचारांची पायरी आली की पुढं पायरीच नसायची. ती बाजेवर आडवी झाली. लग्नाच्या बोलावण्याला आलेल्या बायका माघारी गेल्या.

आसराबाई दारात येऊन जायची. “झोपल्यात,” उषाबाई सांगायची. एक दिवस आसराबाई म्हणाली, “झोपली असंल तर उठवीन, मेली असंल तर रडीन. सर तू.” आणि आत आली.

बाजेवर गोपिकाबाई होती. तिची पाठ दिसत होती. तोंड भिंतीकडं होतं.

आसराबाई खोलीच्या उंबऱ्यातच थबकली. कितीतरी वेळ तिनं पुढं पाऊल टाकलं नाही. मग हळू येऊन बाजेच्या कडेवर बसली.

“इकडं तोंड कर, गोपे.”

“तू कोन सांगनारी?”

“शेजारीन.”

“शेजारीन न्हाई, सोंगाडी हाईस तू. तमाशात असतीस तर भल्याभल्याच्या पोटावर पाय आला असता.”

“झुंबरनं सांगितलं ना?”

“तोंड वाकडं झाल्तं म्हणं! लेकरू भिऊन पीत नव्हतं म्हणं! त्या लेकराची कीव येऊन मी रडले गं.”

“रडलीस म्हनूनच आवाज निघाला तुझा. त्याच्या आधी कुठं निघत होता?”

गोपिकाबाई झटक्यात वळली. डोळे लाल होते. “मला शहानपन सांगू नको. मला वाटायचं, माझ्यावानी सोसल्यालं एक तरी मानूस हाय गावात. बाकीचे येऊन च्‌ च्‌ करून जायचे. तू एकटी अशी होतीस, का जिला सांगायला लागत न्हाई. आन् तुला तर काहीच ठावं नव्हतं. तू नुसती बघनारी होतीस, त्यांच्यावानीच.”

आसराबाई पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळायला लागली.

“तुझ्या भरवशावर उठले मी. आता कशाच्या भरवशावर उठू?”

“उठलीस हे तर खरं हाय ना. पाच गावं फिरलीस. ते तर मी केलं न्हाई, तुझं तू केलं.”

“तेबी आता खोटंच वाटून राह्यलं.” गोपिकाबाईनं डावा हात उचलला. छातीपर्यंत आला आणि गोधडीवर पडला. “बघ. ह्यालाबी कळलं.”

उषाबाई चहा घेऊन आली, दोघींची तोंडं बघून कप फळीवर ठेवून निघून गेली.

“आन् सगळ्यात वंगाळ काय केलंस सांगू?” गोपिकाबाईचा आवाज खाली आला. “खोटं बोललीस ते बोललीस. पन सख्ख्या आईचं मरन घेतलंस, त्याला लुगडं नेसवलंस आन् आनून उभं केलंस माझ्यापुढं. म्हणं मी उठले. ती माय तिथं पडून मेली, आन् तू तिच्या दुखण्याची गोष्ट करून रोज दुपारी सांगितलीस. जीभ कशी झडली न्हाई तुझी?”

आसराबाई इतका वेळ पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत होती. ते थांबलं. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडून गप्प झाली.

“सगळं खोटं न्हाई सांगितलं,” ती म्हणाली. “बाळंतीन मीच होते. लेकरू पीत नव्हतं तेबी खरं. पन ते माझ्या तोंडाला भेलं नव्हतं. माझ्या अंगावरचं दूधच आटल्तं. एका बाजंवर मी आन् समोरच्या बाजंवर आई. माझी कंबर शेकायला म्हनून उठली आन् चुलीपुढंच पडली ती.”

गोपिकाबाईनं उशीवरून मान उचलली.

“भोकरदनचा वैद्य आल्ता. मला बाहीर बोलावून सांगितलं त्यानं, काय सांगायचं ते. मी आत आले. आईनं खुनेनं जवळ बोलावलं. जीभ जड झाल्ती, पन मला कळायचं. म्हणली, आसरे, मी उठंन का गं?”

“मंग?”

आसराबाई भिंतीकडं बघत होती. भिंतीवर काहीच नव्हतं.

“तिच्या डोळ्यांत उजेड होता, गोपे. इचारतानी होता. मी म्हणलं, झोप आता. तर माझा हात धरून पुन्हा इचारलं. आईशी मी कधी खोटं बोलले नव्हते. लहानपनी दुधाची साय खाल्ली तरी जाऊन सांगायची मी.”

“तू काय म्हणलीस तिला?”

आसराबाईनं गोधडीची सुरकुती हातानं सपाट केली. गोपिकाबाई कोपरावर उठून बसली होती. आपण उठून बसलो हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

“आसराक्का, काय म्हणलीस?”

“हे म्या आजवर कोन्हाला सांगितलं न्हाई. झुंबरला न्हाई, मालकाला न्हाई,” आसराबाई म्हणाली. “तिला म्या खरं सांगितलं.”