उशिरा आलेला ताप

"जने, बघ, चावतायत," म्हणत नवऱ्याने व्हिडिओ कॉलवर फोनचा कॅमेरा आपल्या हाताकडे फिरवला, तेव्हा मी अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढत होते. पाहते तर काय, टेबलावर एक कागदी पेला, पेल्याच्या तोंडाला जाळी, आत डास, आणि त्या जाळीवर आमच्या ह्यांनी हात टेकवलेला. चेहरा असा, की सत्यनारायणाच्या पूजेला बसलेत.

"अवो, खाजवू नका," मी म्हटलं. दुसरं काय सुचणार?

"खाजवायचं न्हाय, सांगितलंय त्यांनी. पोटं बघ कशी लाल झालीत. जेवले लेकाचे."

माझ्या नवऱ्याचं नाव गणराज. उखाण्याशिवाय नाव घेते म्हणून सासूबाई अजून नाक मुरडतात. मुरडू देत. लग्नाच्या आधीपासून गणराज म्हसळ्याच्या आसपासच्या वाड्यांवर डासांचा धूर मारायचं काम करतात. गाव त्यांना धूरवाला म्हणतं. ज्या माणसाने उभा जन्म डास मारले, त्याने मुंबईच्या इस्पितळात जाऊन डासांना आपलं रक्त पाजावं, याचं गावाला हसू फुटलं होतं. मला फुटलं नाही. मला कारण माहीत होतं.

आमची प्राप्ती मलेरियाने गेली. आठ वर्षांची होती. धूरवाल्याच्याच घरात मलेरिया शिरला, असं लोक तेव्हा बोलले, आणि ते गणराजांनी ऐकलं. त्या दिवसांबद्दल ते घरात कधी एक शब्द बोलले नाहीत. पण मलेरियाच्या नव्या लसीसाठी धडधाकट माणसं पाहिजेत, लस टोचून मग मुद्दाम डास चाववणार, असं कळलं तेव्हा ते मला न विचारता नाव देऊन आले. "एकदा तरी ह्या किड्याला माझ्या अंगात मरताना बघायचंय," एवढंच म्हणाले. मी भांड भांड भांडले. मग इस्पितळातल्या डॉक्टरांनी मला समोर बसवून सगळं समजावलं. रोज रक्त बघणार, जंतू दिसला रे दिसला की औषध सुरू करणार. तेव्हा कुठे मी हो म्हटलं.

चावल्यानंतर आठवड्याने त्यांना इस्पितळातच ठेवून घेतलं. रोज सकाळी मी फोन करायचे.

"आज?"

"न्हाय."

काय गोड वाटायचं ते न्हाय! चार जणांना तुलनेसाठी लस न देताच चाववलं होतं. ते चौघे एकापाठोपाठ एक तापाने आडवे झाले. लसवाले सगळे उभे. दुसऱ्या दिवशीही गणराज म्हणाले, न्हाय. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही. मला तर काही सुचेना, अंगणवाडीत मी पोरांकडून एकच बडबडगीत तीनदा म्हणून घेतलं. आमचे सासरे कोंडाजी, ते तर एसटी स्टँडवर जाऊन बसले आणि येईल त्याला सांगू लागले, "माझ्या गणराजाला चावून डासच मेला."

त्याच्या पुढच्या सकाळी फोन उचलायला वेळ लागला.

"आज?" मी विचारलं.

"आला," गणराज म्हणाले. "थंडी वाजतेय. रक्तात दिसलेत."

मग म्हणाले, "फेल गेली गो माझ्यात. लसवाल्या दोघातिघांना आलाच न्हाय ताप. माझ्यात फेल गेली."

औषधाने ते लगेच बरे झाले. पण घरी परतलेला माणूस वेगळाच होता. जेवायचे, कामाला जायचे, यंत्र पाठीला लावायचे, सगळं करायचे. मात्र कोणी थट्टा केली तर पूर्वीसारखं उलटून बोलत नव्हते. स्टँडवर कोणी विचारलं, तर सासरे विषय भातावर नेत. माझा जीव तुटायचा. किड्याने दुसऱ्यांदा आमच्याच घरी हात मारला, असंच मलाही वाटत होतं.

महिन्याने रक्त तपासायला परत बोलावणं आलं. गणराज जायला तयार नव्हते. मी म्हटलं, "मी पण येते. मला तो डासांचा पेला बघायचाय." काय करणार, निघाले.

तिथे रक्त देऊन झाल्यावर एक चष्मेवाली मुलगी धावतच आमच्या मागे आली. तिचं नाव सुचिता. ती सुई टोचत नव्हती, नाडी बघत नव्हती, नुसतं गणित करत होती. इस्पितळात गणिताचं काय काम, हे मला कळेना. तिने आम्हाला आपल्या संगणकापुढे बसवलं आणि खुर्ची ओढता ओढता म्हणाली, "दादा, मी तुमची वाटच बघत होते. तुम्ही तर कमाल केलीत."

"माझ्यात फेल गेली ना, म्याडम."

"कोणी सांगितलं?"

तिने पडद्यावर बोट ठेवलं. चार रेघा एकत्र चढत गेलेल्या, आणि एक रेघ जरा लांब, एकटीच.

"ह्या चार, लस न घेतलेल्यांच्या. ही तुमची. डास चावला की जंतू आधी लिव्हरमध्ये जातात, तिथे वाढतात, मग रक्तात उतरतात. तुमची लस त्यांना लिव्हरमध्येच मारते. रक्तात जे उतरतात ते दर दोन दिवसांनी साधारण दहापट होतात. त्या चौघांपेक्षा तुमचे जंतू चार दिवस उशिरा दिसले. म्हणजे काय?"

आम्ही दोघं शाळेतल्या पोरांसारखे पडद्याकडे वाकलो. माझ्या डोक्यात काहीतरी हललं. रोजचंच की हे. "म्हणजे दह्यासारखं," मी म्हटलं. "विरजण कमी पडलं की दही उशिरा लागतं."

सुचिताने टाळी वाजवली. "बरोब्बर, वहिनी. दही कधी लागलं ते बघून विरजण किती होतं ते सांगायचं, एवढंच माझं काम. त्याचा हिशेब मी संगणकाकडून करून घेते. दोन दिवस उशीर म्हणजे दहातला एकच जंतू सुटला. चार दिवस उशीर म्हणजे शंभरातला एक."

"आणि बाकीचे?" गणराज पुढे सरकले.

"मेले."

"नव्याण्णव?"

"नव्याण्णव. तुमच्या अंगात."

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कितीतरी वर्षांनी बघितलं. ते हसले, माझ्याकडे वळून पुन्हा हसले. "नव्याण्णव गो जने. माझ्या धुरानं तरी एवढे कधी मेले का?" मला रडूच फुटलं. तशीच पदराने तोंड पुसून हसत बसले.

सुचिताही रंगात आली होती. "आणि खरं सांगू? ज्यांना ताप आलाच नाही, त्यांच्यावरून मला एवढंच कळतं की सगळे मेले. लस कितपत जोरात चालली, अजून किती जोर लागेल, हे उशिरा ताप आलेल्यांमुळेच मोजता येतं. तुमच्या तापाशिवाय माझं गणित अडलं असतं. आता आम्ही डोस बदलणार, पुन्हा तपासणार. तो शेवटचा एकही मारायचा. मग लस पुरी झाली म्हणायची. त्याला अजून काही वर्षं लागतील."

गणराज त्या एकट्या रेघेकडे बघत राहिले. मला वाटलं, नव्याण्णवांचाच आनंद चाललाय.

"ताई," ते म्हणाले, "म्हंजे ही अर्धी लस पन ताप चार दिवस मागं ढकलते?"

"तुमच्यात ढकलला. हो."

"माझ्या पोरीला ताप भरला त्या दिवशी निसर्ग वादळ आलं. दवाखान्याच्या रस्त्यावर सगळी झाडं पडलेली. मी कोयता घेऊन तोडत निघालो, पन एकटा मानूस किती तोडनार. तिसऱ्या दिवशी ती गेली. चौथ्या दिवशी सकाळी मशीन आलं नि रस्ता मोकळा झाला."

इतक्या वर्षांत हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते. त्यांचा आवाज कुठेही कापला नाही. मी त्यांचा हात धरला.

"तुमची लस पुरी व्हईल तवा व्हऊ दे," ते सुचिताला म्हणाले. "पन शेवटच्या एकासाठी नव्याण्णववाली अडवून ठेवू नका. आमच्यासारख्यांना तेवढीपन पुरते."

सुचिताने चष्मा काढून टेबलावर ठेवला. पडद्यावर बाजूला ती एक रेघ होती, चौघांपासून चार दिवस लांब. तिने ती बंद केली नाही.