चार साचे

बाबा कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात, बाबा त्यात प्लॅस्टर ओततात, साचा निघतो आणि त्या साच्यावर कवळी बसते. तीस वर्षं हेच चाललंय. त्यांच्या कामाच्या खोलीत भिंतभर फळ्यांवर साचे मांडलेले आहेत, पांढरे, बिनदातांचे, टाळू वर करून. माझी चार वर्षांची ठकी त्यांना ‘हसरी माणसं’ म्हणते. मला त्यातलं एकही कधी हसताना दिसलेलं नाही.

त्या मंगळवारी ठकीला शाळेतून घेऊन मी थेट तिकडेच गेले. बाबा मशीनवर स्वतःची कवळी घासत होते. तोंडाचं बोळकं झालेलं, गाल आत गेलेले.

“पुन्हा?” मी विचारलं.

“डावीकडे टोचतेय. हिरडी सुजलीय जराशी.”

“मागच्या महिन्यातही टोचत होती.”

“तोंड माझं, कवळी माझी, कारागीरही मीच. तक्रार करायची कुणाकडे?”

मशीनशेजारी रुमाल होता. त्यावर रक्ताचे डाग होते, काही वाळलेले, काही ओले.

मी फळीकडे पाहिलं. प्रत्येक साच्याच्या बुडाशी बाबा पेन्सिलीने पेशंटचा नंबर आणि तारीख लिहितात. कोपऱ्यातल्या चार साच्यांवर नंबर नव्हता. नुसतं ‘मी’ लिहिलं होतं. मी ते ओळीने टेबलावर मांडले. चारही टाळू एकाच माणसाचे. पहिल्यात डावीकडची हिरडी गुळगुळीत होती. दुसऱ्यात मसुरीच्या दाण्याएवढा उंचवटा, तिसऱ्यात वाटाण्याएवढा. चौथा साचा आठच दिवसांपूर्वीचा होता, आणि त्यात अख्खी सुपारी दडवल्यासारखं दिसत होतं. चार महिने ते वाढत होतं आणि दर वेळी बाबांनी नवं माप घेऊन कवळी आतून कोरली होती. त्याला जागा करून दिली होती. इतक्या हौसेने कुणी भाडेकरूलाही खोली वाढवून देत नाही.

“हे काय आहे?”

“कवळी घासली की गाठ येते. शेकडो बघितल्यात मी.”

“आणि किडनी?”

मशीन थांबलं. नऊ वर्षांपूर्वी बाबांची उजवी किडनी कॅन्सरसकट काढली, तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. सुरुवातीला घरात त्याला ‘ती भानगड’ म्हणायचे. पुढे तेही म्हणेनासे झाले. पाच वर्षं तपासण्या झाल्या, मग बाबांनी जाणं सोडलं. त्याचं नाव काढायचं नाही, एवढंच उरलं होतं. जणू नाव घेतलं तर ते दारात येऊन उभं राहील.

“किडनी कुठे आणि तोंड कुठे!” बाबा म्हणाले. “ठकीला शिंक आली तरी तू ॲम्ब्युलन्सचा नंबर शोधतेस. तुझं आपलं काहीतरीच.”

त्यात खोटं काही नव्हतं. पण मी वाचलं होतं. हा कॅन्सर दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं गप्प बसतो आणि मग कुठेही डोकं वर काढतो. नाकात, जिभेवर, बोटाच्या टोकाला, डोक्याच्या कातडीत. हिरडीतसुद्धा. ते वाचल्यापासून मला वाटायचं, तो कधी गेलाच नव्हता. बाबांच्या आतल्या आत घरं बदलत राहत होता.

शेवटी बाबा त्यांच्या ओळखीच्या दातांच्या डॉक्टरांकडे यायला कबूल झाले, एका अटीवर.

“तिथे जुनं काही उकरायचं नाही. तो मला कामं देतो. मला आजारी समजला तर कामं दुसरीकडे देईल.”

मी मान हलवली. हो म्हणाले नाही, पण मान हलवली.

डॉक्टरांनी बाबांना खुर्चीत आडवं केलं, आरशाने पाहिलं. “काय कारागीर, स्वतःच्याच मापात चुकलात? कवळी घासून आलेली गाठ आहे. सुई देतो, दोन मिनिटांत उडवून टाकतो. बीपी, शुगर? आधी काही मोठं ऑपरेशन?”

“काहीच नाही,” बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी सिरिंज भरली. ठकी माझ्या मांडीवर बसून खुर्चीचं वर-खाली होणं बघत होती. बाबांनी तोंड उघडलं आणि उघड्या तोंडानेच डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला लहानपणापासून माहीत आहे. पाहुण्यांसमोर गप्प बस.

“डॉक्टर, थांबा. नऊ वर्षांपूर्वी बाबांची किडनी काढलीय. कॅन्सर होता.”

डॉक्टरांनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. मग ग्लोव्ह्ज काढत म्हणाले, “मी हे कापलं असतं ना, तर रक्त थांबवता थांबवता माझी दमछाक झाली असती. तिथून आलेली गाठ असली तर ती फार रक्ताळ असते. हे हॉस्पिटलातच व्हायला हवं.”

परतताना रिक्षात बाबा बाहेर बघत होते. घर जवळ आल्यावर एवढंच म्हणाले, “तू बोलावलंस त्याला.”

हॉस्पिटलात काढलेल्या गाठीचा रिपोर्ट दहा दिवसांनी आला. किडनीचाच कॅन्सर होता. स्कॅनमध्ये थायरॉइडमध्येही एक गाठ दिसली. गोळ्या सुरू झाल्या. दातांच्या डॉक्टरांनी कामं बंद केली नाहीत, उलट दोन जास्त पाठवली. पण बाबा माझ्याशी कामापुरतंच बोलायचे.

मग एका रविवारी सकाळी त्यांनी मला हाक मारली. बनियन काढून ते खिडकीपाशी स्टुलावर बसले होते, माझ्याकडे पाठ करून.

“मला पाठ दिसत नाही. डोकंही नीट चाचपता येत नाही,” ते म्हणाले. “तू बघ. आणि हे बघ, माझं तोंड बघून उत्तर बदलायचं नाही.”

मी मानेपासून सुरुवात केली. पाठीवर तीळ होते, मणके होते, ऑपरेशनचा लांब, फिकट व्रण होता. मी तो पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होते. शेजारच्या खोलीत ठकी बाहुलीला दम देत होती. मी केसांत बोटं घातली. कपाळापासून मागे, पुन्हा पुढे. डाव्या कानामागे, केसांच्या आत, बोट अडखळलं.

बाबांनी श्वास रोखला, ते मला त्यांच्या खांद्यांवरून कळलं.

‘काही नाही’ हे दोन शब्द माझ्या ओठांवर अगदी तयार होते. गरम, गोड, लगेच सांगता येण्याजोगे.

“आहे,” मी म्हणाले. “एक आहे, बाबा. लहान आहे.”

त्यांनी हळूच श्वास सोडला. हात मागे आणून माझं बोट पकडलं आणि स्वतःच्या हाताने ते पुन्हा त्याच जागेवर नेऊन ठेवलं.

“नीट दाखव मला,” ते म्हणाले. “कुठे आहे तो?”