भोंग्याचा कौल

तिला गावात सगळे मोजणीबाई म्हणत. हे नाव तिच्या नवऱ्याने थट्टेत पाडलं आणि मग असं चिकटलं की तिलाही दुसऱ्या नावाने हाक मारली तर वळायला वेळ लागे. ती नगरपालिकेच्या पाहणी विभागात कामाला होती. विभाग तरी कसला, दोन टेबलं, एक कुरकुरणारा पंखा आणि समोरच्या टेबलावर तिची जोडीदारीण. ही जोडीदारीण बोलायची कमी, पण बोलली की नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवायची.

आता पालिकेने या दोघींच्या गळ्यात घातलेलं काम ऐका. गावात पाण्याच्या टाकीवर एक भोंगा होता. कधीकाळी कारखान्याच्या पाळीसाठी तो बसवला. कारखाना बंद पडून जमाना झाला, पण भोंगा काही थांबला नाही. रोज पहाटे आणि रोज दुपारी तो गावभर बोंबलायचा. नव्या वसाहतीतल्या लोकांनी अर्ज केला, की तान्ही मुलं दचकून उठतात, हे बंद करा. जुन्या लोकांनी उलट अर्ज केला, की भोंगा नसेल तर दिवस उगवला हे कळणार कसं? साहेबांनी हात झटकले आणि सांगितलं, गावाला विचारा. निम्म्याहून जास्त लोकांना भोंगा नको आहे असं खात्रीने दिसलं तर बंद, नाहीतर चालू.

सगळं ठीक, फक्त भोंग्याचं बटण दाबणारा माणूस होता मोजणीबाईचा सासरा.

गाव त्यांना भोंगेबुवा म्हणे. पाणीखात्यातून निवृत्त झाले, पण टाकीखालच्या खोलीची किल्ली त्यांनी परत केली नाही आणि कुणी मागितलीही नाही. पहाटे अंधारात उठायचं, चहा घ्यायचा, टाकीवर जायचं, बटण दाबायचं. स्वतःच्या लग्नातसुद्धा वरातीतून उठून ते भोंगा वाजवून आले होते, असं सासूबाई सांगायच्या. भोंगा गेला तर या माणसाचं काय होईल, हा विचार मोजणीबाईचा पिच्छा सोडत नव्हता. सासऱ्यांवर तिचा जीव होता. तिचे वडील लवकर गेले. सायकल शिकवण्यापासून नोकरीच्या मुलाखतीला सोडण्यापर्यंत सगळं या माणसाने केलं होतं.

"सगळ्या गावाला विचारणार?" त्यांनी जेवताना विचारलं.

सगळ्यांना नाही, चारशे घरांना, असं तिने सांगितलं. घरं चिठ्ठ्या टाकून काढायची. घरात ज्याचा वाढदिवस सगळ्यात आधी येणार असेल त्यालाच विचारायचं, नाहीतर दार उघडणारा एकटाच बोलतो आणि आतले गप्प राहतात.

"म्हणजे शितावरून भाताची परीक्षा," भोंगेबुवा म्हणाले.

तेच, ती म्हणाली, पण भात आधी नीट हलवायचा. आणि मूठभर शितांवरून नेमका आकडा कधीच सांगायचा नाही. इथपासून इथपर्यंत, असा पट्टा सांगायचा. अशी पाहणी शंभरदा केली तर पंच्याण्णव वेळा खरा आकडा आपल्या पट्ट्यात सापडेल, एवढीच हमी. जितकी शितं जास्त, तितका पट्टा अरुंद.

भोंगेबुवांनी मान डोलावली. हमी देऊन वर पळवाट ठेवणारं हे पहिलंच शास्त्र पाहतोय म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालून तिच्याबरोबर निघायला तयार झाले.

तिला बरंच वाटलं. निम्मी घरं तिच्याकडे होती, निम्मी जोडीदारणीकडे. गल्ल्या सगळ्या भोंगेबुवांना पाठ, कुत्री त्यांना ओळखणारी. कुणाचं दार मागच्या बाजूला आहे, कुणाची घंटा वाजत नाही, सगळं ठाऊक. ते फाटकापाशी उभे राहायचे, चकार शब्द बोलायचे नाहीत. ती आत प्रश्न विचारायची, आणि लोक हसून, हात जोडून, खुर्ची पुढे करून उत्तर द्यायचे. भोंगा हवाच, म्हणायचे. परत येताना सासरा-सून टाकीजवळच्या बाकावर बसून शेंगदाणे खायचे. नोकरीतले इतके आनंदाचे दिवस तिने पाहिले नव्हते.

आकडे जुळवले तेव्हा तर ती उडालीच. शंभरातल्या सत्तर लोकांना भोंगा हवा होता. पट्टा पासष्ट ते पंच्याहत्तर, म्हणजे निम्म्याच्या कितीतरी वर. तिने पेढा मिळालेल्या पोराच्या आनंदाने तो कागद जोडीदारणीपुढे नाचवला.

जोडीदारणीने कागद पाहिला. मग दोघींचे गठ्ठे वेगळे करून पुन्हा मोजले. तिच्याकडे शंभरातल्या सत्तेचाळीस लोकांना भोंगा हवा होता. मोजणीबाईकडे त्र्याण्णव लोकांना. चिठ्ठ्या एकाच डब्यातून निघालेल्या, गाव तेच, प्रश्न तोच.

"तुझ्याबरोबर कोण फिरत होतं गं?" तिने विचारलं.

मोजणीबाईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि पाठोपाठ तोंड उतरलं. ज्या माणसाने आपल्याला आयुष्यभर उठवलं, तो फाटकाशी उभा असताना कोण म्हणेल, बंद करा म्हणून? पट्टा कितीही अरुंद काढा, फाटकाशी उभा असलेला माणूस त्यात धरलेला नसतो. भात हलवला होता, पण चव घेताना आचारी समोर उभा होता.

आता तिची खरी कसोटी होती. तो कागद तसाच वर पाठवला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. साहेब खूश, जुनं गाव खूश, सासरे तर काय विचारता. जोडीदारीण पंख्याकडे बघत बसली. मोजणीबाईने कागद फाडला. रडू येत होतं, पण फाडला.

तिच्या वाट्याची दोनशे घरं नव्याने काढायची ठरलं.

"आणि या वेळी तूही नकोस," जोडीदारीण म्हणाली. "तू त्यांची सून आहेस."

घरी सांगणं जास्त अवघड गेलं. भोंगेबुवांना आधी समजेचना, आपण तर तोंडही उघडलं नव्हतं. समजल्यावर दोन दिवस त्यांनी तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलणं ठेवलं आणि शेंगदाण्याची पुडी एकट्यानेच संपवली.

आणि गंमत बघा, नव्या चिठ्ठ्यांत नेमकं त्यांचंच घर निघालं. मोजणीबाई म्हणाली, आमचं वगळू या. जोडीदारीण म्हणाली, चिठ्ठी ती चिठ्ठी, वगळायला लागलो तर पाहणी कशाला म्हणायची?

जोडीदारीण संध्याकाळी आली. भोंगेबुवांची कळी खुलली होती. इस्त्रीचा सदरा घालून ते समोरच्या खुर्चीत ताठ बसले होते. शेवटी त्यांचंही मत कुणीतरी अधिकृतपणे विचारणार होतं. मोजणीबाई नियमाप्रमाणे स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली, पण दार काही तिने लावून घेतलं नाही.

आता वाढदिवस कुणाचा, असं जोडीदारणीने विचारलं.

सासूबाईंचा निघाला. भोंगेबुवा हिरमुसले. सासूबाई ओले हात पदराला पुसत बाहेर आल्या. जोडीदारणीने भोंगेबुवांना जरा आत जायला सांगितलं, तर सासूबाईंनीच अडवलं.

"बसू द्या त्यांना. त्यांच्यासमोरच सांगते. नको मला तो भोंगा."

मोजणीबाईने हातातला चमचा हळूच खाली ठेवला.

"गाव भोंग्याने उठतं," सासूबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, बाजारभाव सांगावा तसं सांगत होत्या. "मी त्याच्या आधी उठते, यांना चहा करून भोंग्याला पाठवायला. लग्न झाल्यापासून. एकदा तरी उजाडेपर्यंत झोपावं म्हणते, आणि डोळे उघडतील तेव्हा हे शेजारी असावेत."

"अगं, मग आधी का नाही बोललीस?" भोंगेबुवांनी विचारलं.

"विचारलं कुणी?"

जोडीदारणीने कागदावर खूण केली, आभार मानले आणि चहा न घेता गेली. तिचं हे शहाणपण मोजणीबाई पुढे कधी विसरली नाही.

सगळे आकडे आले. शंभरातल्या अठ्ठेचाळीस लोकांना भोंगा हवा होता. पट्टा त्रेचाळीस ते त्रेपन्न. निम्मं बरोबर त्याच्या पोटात बसलेलं. साहेबांनी कागद उलटासुलटा केला आणि विचारलं, मग गावाला भोंगा हवा की नको?

"सांगता येत नाही," मोजणीबाई म्हणाली. "सांगता येत नाही, हेच या पाहणीचं उत्तर आहे."

साहेब वैतागले, पण शब्दाचे पक्के होते. नको असल्याची खात्री नाही, तेव्हा भोंगा चालू. ती धावतच घरी आली. भोंगेबुवा अंगणात बूट पुसत होते. तिने निकाल सांगितला, तुम्ही जिंकलात म्हणाली. त्यांनी ऐकून घेतलं, दुसरा बूट पुसला, आणि ते बूट घालून थेट पालिकेत गेले. तीही मागे मागे गेली, म्हातारा भलतंच काही करून बसेल म्हणून.

भोंगेबुवांनी साहेबांच्या टेबलावर किल्ली ठेवली. दुपारचा भोंगा वाजवत जाईन म्हणाले, पहाटेचा बंद करा. साहेब चक्रावले. निकाल तुमच्या बाजूने लागलाय, मग हे कशासाठी?

"गावाचं नक्की सांगता येत नाही म्हणते ना आमची सून? माझ्या घरचं नक्की सांगता येतं. तिथे शितं मोजायची नाहीत, एकच माणूस आहे, आणि त्याने तोंडावर सांगितलंय."

साहेबांनी हसत किल्ली परत दिली, दुपारसाठी. बाहेर आल्यावर भोंगेबुवांनी शेंगदाणे घेतले आणि पुडी आधी सुनेपुढे धरली. तिला इतकं हायसं वाटलं की ती रस्त्यातच हसायला लागली.

दुसऱ्या दिवशी तिला जाग आली ती नेहमीच्याच वेळी. भोंगा वाजला नव्हता, बाहेर पाखरं मात्र ओरडत होती. ती पाणी प्यायला उठली. सासू-सासऱ्यांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. सासूबाई कुशीवर वळून खुशाल घोरत होत्या. शेजारी भोंगेबुवा टक्क जागे होते, छताकडे बघत पडलेले, सवयीने पाय चुळबुळत होते. तिच्या हातातलं भांडं दाराला लागलं तशी त्यांनी चटकन ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," ते कुजबुजले. "झोपलीये ती."