मला कडी लावली तेव्हा

मित्रांनो, मानवजातीचा खरा इतिहास राजवाड्यांत नाही की ग्रंथांत नाही. तो दरवाजांच्या छातीवर कोरलेला आहे. माझ्या छातीवर 'थुंकू नये' असे कोरलेले आहे, आणि त्यावर थुंकलेले आहे.

मी एक जुना लोखंडी दरवाजा आहे. दक्षिण इराकात, फुरात नदीकाठच्या एका लहान सरकारी इस्पितळात मी पुरुषांच्या वॉर्डाला बसवलेला आहे. मला घडवणारा लोहार एरवी होड्यांचे खिळे करायचा, म्हणून मी मजबूत झालो, पण जरा कलता. पहिल्याच दिवशी कोणीतरी मला लाथेने उघडले आणि पुढे तीच पद्धत पडली.

तरी ते दिवस बरे होते. मी दिवसभर उघडा असे. एकेका रोग्यामागे सात-आठ नातेवाईक आत. कोणी मासा भाजतोय, कोणी पाय चेपतोय, कोणी शेजारच्या खाटेशी आजोबांच्या काळचे वैर उकरून काढतोय. अधूनमधून सलाइनचे स्टँड एकमेकांच्या डोक्यात घालत. पण रोग्याला भरवणे, पुसणे, कुशीवर वळवणे, हे सगळे तेच करत. चाळीस खाटांना नर्स दोनच, आणि त्यांतली एक कायम भांडणे सोडवायला.

मग सिस्टर इब्तिहाल अम्मानहून शिकून आली. याच गावची, हुशार आणि तापट. तिने माझ्यावर कागद चिकटवला: अंथरुणाला खिळलेल्या रोग्याची कूस दर दोन तासांनी बदलावी, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. हे खरेच आहे; जगभर तपासून पाहिलेले आहे. त्याखाली दुसरी ओळ: नातेवाइकांनी बाहेर थांबावे, गर्दीने जंतू पसरतात. हेही खरेच. आणि आयुष्यात प्रथमच मला कडी लागली.

या दोन खऱ्या गोष्टींच्या मधे चासिब सापडला. खजुराच्या झाडावरून पडून कंबरेखाली लुळा झालेला तरणाबांड गडी. नातेवाईक बाहेर, मग त्याची कूस बदलायची कोणी? नर्स तर इंजेक्शने देतादेताच दमायच्या. थोड्याच दिवसांत त्याच्या पाठीला जखम पडली, ताप चढला. त्याची आई वबरिया माझ्या फटीला नाक लावून बसायची. एका सकाळी ती किंचाळली, "माझ्या लेकाचा वास येतोय! जित्या माणसाला असा वास येतो का रे?"

चासिबचा मामा मिझहर बाहेर माणसे घेऊनच बसला होता. पुढचे मला नीट आठवते, कारण ते सगळे माझ्यावरच झाले. आधी बाकडे आदळले. मग गॅसचे सिलिंडर. मग पिस्तूल निघाले. गोळ्या कागदातून आणि माझ्यातून आरपार गेल्या. रखवालदाराचे खांद्याचे हाड मोडले. माझी कडी उडून इब्तिहालच्या कपाळावर बसली आणि तिचा पांढरा डगला लाल झाला.

बातमी गावात पोचायला कितीसा वेळ लागणार? तिचे भाऊ बंदुका घेऊन हजर.

"आमच्या बहिणीचं रक्त सांडलंय!"

"आणि आमचा भाचा आत सडतोय त्याचं काय?"

इकडे ते, तिकडे हे, मध्ये मी, एका बिजागरीवर. आत चासिब तापात बडबडत होता. आणखी एक गोळी सुटली असती, तर त्याच्या जखमेकडे बघायला कोणी उरले नसते.

इब्तिहाल कपाळावर पट्टी दाबून बाहेर आली. मिझहरच्या लोकांची कॉफी, अशाही वेळी, शेगडीवर होतीच.

"मिझहरकाका, आल्या माणसाला कॉफी विचारायची पद्धत मोडली का?"

मिझहरने सवयीने पेला भरून पुढे केला. तिने तो घेतला आणि न पिता फरशीवर ठेवला.

आमच्याकडे पाहुण्याने पेला असा खाली ठेवला, की त्याचे काही मागणे असते. ते मान्य होईपर्यंत तो पीत नाही, आणि यजमानाची अब्रू त्या पेल्यात निवत बसते.

"अगं, हे बायका करत नाहीत!" मिझहर हादरला.

"इस्पितळात सिलिंडर कोण फेकतं? विचारा, काय हवंय."

"ताई, त्याची मान माग!" धाकटा भाऊ म्हणाला.

"तू गप रे, गाढवा. काका, मला तुमच्यातली दोन माणसं हवीत. रोज, पाळीपाळीने. हात धुऊन आत येतील, चासिबला वळवतील. कसं ते मी शिकवीन. कागद बरोबरच होता. पण इथे रोग्याला हात कोणाचे लागतात, हे मी कुणाला विचारलंच नाही."

"आणि वेळ कशी कळायची? आमच्यात घड्याळ बघतंय कोण?"

"दर दोन तासांचा चहा चुकतो का तुमचा?"

"बाप मेला तरी नाही."

"मग चहा ओतला की आधी कूस, मग घोट. कूस नाही, चहा नाही."

"हा छळ आहे!"

"कॉफी गार होतेय, काका."

"दिली! दोन माणसं दिली! पी एकदाची!"

तिने पेला उचलला. भाऊ हिरमुसून घरी गेले.

चासिबची जखम भरायला अख्खा उन्हाळा गेला. तो चालला नाही. पण होडीत टेकून बसून, मामाला शिव्या घालत घरी गेला. आता प्रत्येक खाटेपाशी हात धुतलेली दोन माणसे असतात. मारामाऱ्या थांबल्या असे मात्र समजू नका. "चहा तिसऱ्यांदा प्यालास, म्हातारा अजून डाव्याच कुशीवर!" यावरून परवाच एकाचे दात पडले. रोग्यांच्या जखमा घटल्या, नातेवाइकांच्या वाढल्या.

तर मित्रांनो, शहाणपणाचा कागद कुठेही जरूर चिकटवा. पण आधी त्या दारातून कोण आणि कशासाठी ये-जा करते ते पाहा. नर्सवर हात उगारू नका, रोग्यांना जपा. मला रंग नको, नवी कडीही नको. फक्त माझ्या गोळ्यांच्या भोकांत खजुराच्या बिया कोंबू नका. मुंग्या होतात.