रविवारचं मौन

दर रविवारी सूर्य उगवला की बनाबाई मुकी होई, आणि दिवेलागणीला बिरोबापुढं दिवा लावला की मगच तोंड उघडी. लेकीची कूस उजवू दे, रविवार मुका पाळीन, असा तिचा नवस होता. नातू झाला, तरी तिनं व्रत सोडलं नाही. आष्ट्यातल्या त्या गल्लीला हे ठाऊक होतं. दूधवालासुद्धा रविवारी काही न विचारता माप ओतून जाई.

मागच्या रविवारी ती तान्ह्याला पायांवर घेऊन तेल चोळत होती. बाळंतपणाला माहेरी आलेली अपेक्षा मागं येऊन उभी राहिली.

"आई, भरलेली बादली दिसली की माझ्या मनात नको ते येतं. ह्याला माझ्यापाशी एकटं ठेवू नगंस."

बनाबाईचे हात थबकले. बोलावं तर नवस मोडतो, आणि नवस तर ह्याच पोराच्या जिवाचा. तिनं हात पुसले, पोराला कडेवर घेऊन उठली, देव्हाऱ्यातला भंडारा लेकीच्या कपाळाला लावला आणि बोटानं देवाकडं दाखवलं. संध्याकाळी दिवा लावल्या लावल्या तिच्या तोंडून पहिलं निघालं ते हे, "नवसाचं पोर हाय. असं अभद्र बोलत्यात व्हय?"

अपेक्षा हसली. "काय न्हाई गं. झोप झाली न्हवती."

ते हसू बनाबाईला खरं वाटलं नाही. आठवडाभर ती माळ ओढी, पण मणी कुठं गेला ते कळत नसे. न्हाणीतली बादली ती आठवणीनं पालथी घाली. लेकीला विचारायचं म्हणून तोंड उघडलं की भलतंच बाहेर पडे. डिंकाचा लाडू खाल्लास का. कानाला रुमाल बांध की गं.

"खाल्ला," लेक म्हणे. "बांधते."

आज पुन्हा रविवार. दुपारी जावई मल्हार शिरवळहून गाडी घेऊन बायकोमुलाला न्यायला आला. कंपनीत उद्या पहिली पाळी, म्हणून उन्हं असतानाच निघायचं होतं.

"मामी, रविवारी यायचं म्हंजे लय सोपं," चहा बशीत ओतत तो म्हणाला. "बोलणी खावी लागत न्हाईत."

बनाबाई हसली नाही. अपेक्षा झबली, दुपटी पिशवीत भरत होती. "तिथं दिवसभर मी आन हा, दोघंच," ती दुपट्याची घडी घालता घालता म्हणाली.

"शेजारीण हाय की. हाक मारली की येती," मल्हार म्हणाला.

बनाबाईनं देव्हाऱ्याकडं पाहिलं. ऊन अजून उंबऱ्यावरच होतं. देवा, काय व्हायचं ते माझ्या डोक्यावर, पोराच्या नको.

"पाव्हणं, अपेक्षा येणार न्हाई." सकाळपासून न वापरलेला आवाज घोगरा निघाला. "तिला बरं न्हाई. अंगानं न्हवं, मनानं. मला ठावं हुतं. मी गप बसले."

मल्हारची बशी हातातच राहिली.

"आई," अपेक्षा म्हणाली, "तुझा रविवार मोडला की."

"मोडू दे." म्हणाली खरी, पण बनाबाईची बोटं आपोआप कानाच्या पाळ्यांकडं गेली. "पर तू सोमवारी का सांगितलं न्हाईस गं? मंगळवारी?"

"बाकीच्या वारी तू लगेच बोलतीस. रविवारी तेवढं ऐकून घेतीस."

बनाबाई होती तिथंच खाली बसली. देवाचा गुन्हा भंडारा उधळून फेडता आला असता. हा लेकीचा कसा फेडायचा?

मल्हारनं बशी खाली ठेवली. "फोनवर ही म्हणायची, बरं हाय. मी बी म्हणायचो, बरं हाय," तो खाली बघत म्हणाला. "घरी पाळणा बांधलाय, मामी. त्याच्याकडं बघितलं की वाटतं, माझ्यानं हे निभंल का. कुणाला सांगायचं?" त्यानं गाडीची किल्ली बाजूला ठेवली. "उद्याची पाळी बुडवतो."

सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या दिवशी विचारलं, "काय होतंय?" बनाबाईच्या ओठांवर सगळं आलं होतं, नवस, बादली, भंडारा, स्वतःची चूक. सोमवार होता. तिनं नातवाला उराशी धरलं आणि ओठ मिटून घेतले.

अपेक्षा सांगू लागली.