नवव्या डावाचा वाद ऐकलेला बाक

मी सांता इनेस गावच्या बागेतला, बदामाच्या झाडाखालचा एक जुना बाक आहे. मित्रांनो, माझे पाय बिडाचे आणि पाठ लाकडी फळ्यांची आहे. पाय साखर कारखान्याच्या ओतशाळेत ओतले गेले. पुढे कारखाना बंद पडला, ओतशाळा गेली, पाय तेवढे उरले.

सुरुवातीला दर वर्षी मला हिरवा रंग मिळत असे. पावाच्या रांगेत थकलेल्या बायका माझ्यावर टेकत आणि निघताना फळीवर थाप मारून "बरं झालं हा आहे" म्हणत. मग रंग यायचा थांबला. एक फळी निखळली, ती कुणी परत बसवली नाही. आता मला ऊनपाऊस फारसा जाणवत नाही.

माझ्याभोवती रोज सकाळी बेसबॉलचे वेडे जमतात. पण बसत कुणी नाही. उभ्यानेच हातवारे करत ते भांडतात. माझ्यावर पाय ठेवतात, रेडिओ ठेवतात, कॉफीची बाटली ठेवतात. त्यांच्यात दोघांचा आवाज मोठा. एक एव्हारिस्तो मास्तर. ते गणित शिकवून निवृत्त झाले आणि चाळीस वर्षांचे सामने त्यांना तोंडपाठ आहेत. दुसरा विल्फ्रेदो न्हावी. त्याचे दुकान समोरच आहे. गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच ठेवून तो वाद घालायला येतो.

त्या वर्षी आमचा संघ पहिल्या चारांत येण्यासाठी एकच सामना जिंकायचा राहिला होता. तो होता देशाच्या पार पूर्व टोकाला. आदल्या संध्याकाळी इथला सामना संपवून आमची पोरे बसमध्ये बसली आणि सतरा तासांनी उतरली. रात्रीच्या दिव्यांना वीज नाही म्हणून सामना दुपारी एक वाजता, भर उन्हात. समोरचा संघ तीन दिवस आपल्या घरीच होता.

रेडिओ माझ्यावरच ठेवला होता. नववा, म्हणजे शेवटचा डाव चालू होता. आम्ही एका धावेने पुढे होतो. समोरच्यांचा एक गडी बाद झाला की सामना आमचा. पण त्यांचे दोघे धावायला टपून उभे होते आणि आमचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, ओरेस्तेस दमून गेला होता. असा शेवट गुंडाळायला संघात योआन्द्री नावाचा ताज्या दमाचा पिचर राखून ठेवलेला असे. मॅनेजर लिओन्सिओ मैदानात गेला. आता बदल होणार, असे सगळ्यांना वाटले. त्याने ओरेस्तेसच्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच एकटा परत आला. पुढचा चेंडू त्यांनी भिंतीपलीकडे टोलवला आणि सामना हातचा गेला. कुणीतरी रेडिओ बंद केला.

त्यानंतर वर्षभर मी दुसरे काही ऐकले नाही.

"योआन्द्रीला काय शोभेला नेला होता?" मास्तर विचारत.

"मास्तर, आधी सतरा तास बसमध्ये बसून या, मग बोला," विल्फ्रेदो म्हणे. "वेळापत्रक आखणाऱ्यानं नकाशा तरी पाहिला होता का?"

"पिचर बदलायला नकाशा कशाला लागतो रे?"

"तुमचं गणित आणि माझा वस्तरा, दोन्ही एकदमच बोथट झालेत बघा."

आधी वाद असा हसण्यावर संपत असे. बोलणे हळूहळू वाईट वळणावर गेले. लिओन्सिओने सामना मुद्दाम घालवला, असे कुणीतरी म्हणाले. एका दुपारी बागेत कुणी नसताना मास्तरांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्या पाठीच्या वरच्या फळीवर कोरले, 'लिओन्सिओ विकला गेला'. मला दुखले असेल. आता आठवत नाही.

लिओन्सिओला संघातून काढले. मग तो रोज दहा वाजता येऊन माझ्यावर बसू लागला. घरी बसवत नसावे. पहिल्या दिवशी त्याने फळीवरची अक्षरे वाचली आणि त्यांनाच पाठ टेकून बसला.  आठवडाभर आवाज दबके राहिले. मग लोकांना त्याची सवय झाली आणि त्याच्या डोक्यावरून, त्याच्याच नावाने वाद पुन्हा सुरू झाला. तो ऐकत असे, रस्त्याकडे पाहत असे आणि बाराला उठून जात असे. त्याच्या चेहऱ्यावर काही दिसत नसे. बाकाला जसे कुणी काही विचारत नाही, तसे त्यालाही कुणी विचारले नाही.

अखेर मार्च महिन्यात मास्तर त्याच्यासमोर येऊन उभे राहिले. आवाज चढवला नाही. "लिओन्सिओ, एकदाच सांग. योआन्द्रीला का नाही आणलास?"

लिओन्सिओने रस्त्यावरची नजर मास्तरांकडे वळवली. मग म्हणाला, "योआन्द्री परवा देश सोडून गेला. आता सांगायला हरकत नाही. त्या दिवशी पहाटे बसमध्ये त्याला फोन आला होता. डोंगरात, त्याच्या गावी, त्याची आई गेली."

विल्फ्रेदोने हातातला वस्तरा मिटला.

"आपल्याकडे माती त्याच दिवशी होते. पोहोचणं शक्यच नव्हतं. मी वरच्या साहेबांना फोन केला, एक दिवस सामना पुढे ढकला म्हणालो. वेळापत्रक बदलता येत नाही म्हणाले. नवव्या डावात मी त्याच्याकडे पाहिलं, तर तो हातातल्या चेंडूकडे बघत बसला होता. म्हणाला, चेंडू हातात आहे की नाही तेच कळत नाहीये. आणि म्हणाला, कुणाला सांगू नका."

"अरे, मग आम्हाला तरी सांगायचं होतंस," मास्तर म्हणाले.

"तुम्ही वर्षभर त्याच्यावर वाद घातला असता."

विल्फ्रेदोचे गिऱ्हाईक फेस लावलेल्या चेहऱ्याने दारात उभे होते. त्याला कुणी हाक मारली नाही, तेही आत गेले नाही. मास्तरांनी अंगठ्याने ती अक्षरे घासून पाहिली. अक्षरे खोल होती. मग ते "सरक जरा" म्हणाले आणि लिओन्सिओच्या शेजारी बसले. इतक्या वर्षांत ते माझ्यावर पहिल्यांदाच बसले होते. बारा वाजेपर्यंत दोघे बसून होते. 

दुसऱ्या दिवशी मास्तर पॉलिश पेपर घेऊन आले आणि सबंध सकाळ माझी फळी घासत बसले. पूर्वी असे कुणी केले असते तर मला आनंद झाला असता. आता फळी जराशी पातळ झाली, एवढेच समजले.

मित्रांनो, माझे काही मागणे नाही. रंग मिळाला तर बरे, नाही तरी चालेल. वाद जरूर घाला. तुमच्या आवाजाशिवाय ही बाग फारच गप्प होईल. फक्त ज्याच्याविषयी बोलता, त्याला एकदा विचारा. वर्ष उलटायच्या आत विचारा.

लिओन्सिओ अजून दहाला येतो. गेल्या आठवड्यात नव्या मॅनेजरने आठव्याच डावात पिचर बदलला आणि सामना घालवला. इथे मोठा गोंधळ उडाला. विल्फ्रेदोने वस्तरा हातात धरूनच लिओन्सिओला विचारले, "तुम्ही सांगा, चुकलाच ना तो?"

"मला काय माहीत?" लिओन्सिओ म्हणाला. "मी तिथं नव्हतो."