फळ्यावरची पाचवी ओळ

मी एक जुना फळा आहे. पण मित्रांनो, वर्गात मी एक दिवसही राहिलेलो नाही. माझ्यावर कोणी पाढे लिहिले नाहीत की गणितं सोडवली नाहीत. माझ्यावर एक कॉलेज दर वर्षी स्वतःचा अभ्यास लिहीत असे.

कोल्हापुरात कसबा बावड्याच्या अंगाला, साखर कारखान्याचा भोंगा ऐकू येईल अशा ठिकाणी ते कॉलेज होतं. तिथल्या व्हरांड्यात मला दोन साखळ्यांवर टांगलं होतं. जरा वारा सुटला की मी भिंतीवर आपटायचो. जाणारे-येणारे म्हणायचे, याला काही स्वस्थ बसवत नाही. खरंच होतं ते.

माझा जन्म एकोणीसशे पासष्ट सालचा. करीम मिस्त्रींनी सागाच्या चार रुंद फळ्या जोडून मला बनवलं, पाठीमागून पट्ट्या ठोकल्या आणि काळा रंग दिला. कॉलेज तेव्हा गुळाच्या एका जुन्या गोदामात भरत असे. हवा दमट झाली की भिंतींना गुळाचा वास सुटायचा आणि मुंगळ्यांची रांग थेट इतिहासाच्या तासाला येऊन बसायची.

प्राचार्य होते हंबीरराव इंगवले. तरुणपणी तालमीत घुमलेला माणूस, आवाज असा की माईकची गरज नाही. मला टांगल्याबरोबर त्यांनी सगळ्या मुलांना व्हरांड्यापुढे बोलावलं. म्हणाले, "पोरांनो, परीक्षा फक्त तुमचीच का? कॉलेजचीबी व्हायला पायजे की. ह्या वर्षी आम्ही काय करणार ते हितं लिहितो. एप्रिलात तुमच्यासमोर निकाल लावू."

मग त्यांनी खडूने माझ्यावर पाच ओळी लिहिल्या. विहीर. ग्रंथालय. प्रयोगशाळा. खेळाचे मैदान. आणि सगळ्यांत खाली, मुलींचे वसतिगृह.

एप्रिलमध्ये ते खरोखरच खडू घेऊन उभे राहिले. विहिरीला पाणी लागलं होतं, तिच्यापुढे त्यांनी बरोबरची खूण केली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाकी चार ओळींपुढे त्यांनी भलीमोठी शून्यं काढली आणि प्रत्येक शून्याचं कारण मोठ्याने सांगितलं. तेव्हा कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण कोणी हसलंही नाही.

वर्षं जात राहिली. पुस्तकांची कपाटं आली. प्रयोगशाळेवर पत्रे चढले. मैदानासाठी मुलांनी स्वतः खडक फोडला. एकेका ओळीचं काम पुरं व्हायचं आणि तिच्या जागी नवी ओळ यायची. लांबलांबचे पाहुणे मला बघायला येत. "असा फळा आम्ही कुठं पाहिला नाही," असं म्हणत. मला बरं वाटायचं, पण पुरतं बरं कधीच वाटलं नाही. कारण पाचवी ओळ जागची हलत नव्हती. दर जूनमध्ये ती पुन्हा लिहिली जायची आणि दर एप्रिलमध्ये तिच्यापुढे शून्य यायचं. कधी प्रयोगशाळेचे पत्रे वाऱ्याने उडाले, कधी शिक्षकांचे पगार आधी करावे लागले. संस्थेची मंडळी म्हणायची, "मुली येत्यात कुठं? वसतिगृह बांधून त्यात ठेवायचं कुणाला?" आणि मुली येत नव्हत्या, कारण राहायला जागा नव्हती. हे सगळं माझ्यासमोर चालायचं. मी साखळीला हिसके देण्यापलीकडे काय करणार?

एकाहत्तर साली राधानगरीकडून पिराजी नावाचे एक शेतकरी मुलीला घेऊन आले. मुलीचं नाव शेवंता. त्यांच्या गावातून एस.एस.सी. झालेली ती पहिली मुलगी. पिराजींच्या खांद्यावर पत्र्याची पेटी होती. शेवंताने माझ्यापुढे उभं राहून वडलांना एकेक ओळ वाचून दाखवली. पाचवी ओळ ऐकताच पिराजींनी पेटी खाली ठेवली.

"मग झालं की! पोरीची सोय हाय हितं."

हंबीरराव बाहेर आले. "पावणं, वसतिगृह अजून बांधलेलं न्हाई. बांधायचं ठरलंय."

"ठरलंय म्हंजे हुईल की, सर. काळ्यावर पांढरं लिवलंय तुमी."

हंबीररावांनी शेवंताचं नाव लिहून घेतलं. ती बावड्यात मावशीकडे राहिली. दुपारच्या सुट्टीत माझ्या सावलीत बसून पुस्तक वाचायची आणि वाचता वाचता पायाच्या अंगठ्याने फरशीवर आकृत्या काढायची. रसायनशास्त्र तिला फार आवडायचं. पण मावशीच्या घरात नवी सून आली आणि शेवंताला पथारी टाकायलाही जागा उरली नाही. मग ती गावाहून एस.टी.ने येऊ लागली. नदीचं पाणी रस्त्यावर चढलं की गाडी बंद. गाडी सुरू होईपर्यंत इथले धडे पुढे गेलेले असत. दिवाळीच्या आधी पिराजी नाव काढायला आले.

शेवंताने हंबीररावांना विचारलं, "सर, पुढल्या साली हुईल का वसतिगृह?"

"प्रयत्न करतोय, बाळ."

"तवर माझं लगीन हुईल," ती म्हणाली आणि वडलांच्या मागून निघाली. तिने वळून माझ्याकडे एकदा पाहिलं. मित्रांनो, त्या नजरेनंतर माझी झोप उडाली. साधी झुळूक आली तरी मी भिंतीवर धडका देत सुटायचो. शिपायाने वैतागून माझ्या पाठीमागे सुतळीचा बोळा कोंबला.

पुढे हंबीरराव निवृत्त झाले. त्यांच्या जागी सयाजीराव घाटगे आले. हुशार, टापटिपीचे गृहस्थ. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यावरचं शून्य पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "बाहेरचा माणूस आला की त्याची नजर आधी ह्यावर जाते. मग बाकीचं काम कोण बघतंय?" असं म्हणून त्यांनी मला काढायला लावलं. मैदानाच्या कडेला खेळाच्या सामानाच्या दोन खोल्या होत्या. तिथे फाटकी जाळी, मोडके डंबेल्स आणि कुबट सतरंज्यांमध्ये मला भिंतीला टेकवून ठेवलं. माझ्यामागे उंदरांनी बिऱ्हाड केलं. माझा रंग पोपडे धरून निघायला लागला. दारच नव्हतं त्या खोल्यांना, म्हणून शेळ्या आत येत आणि माझ्या कडेला अंग घासून जात.

मग एका वर्षी विद्यापीठाची समिती येणार असं ठरलं. कोणीतरी सयाजीरावांना माझी आठवण करून दिली. मला धुतलं, चकचकीत रंग दिला आणि पुन्हा व्हरांड्यात टांगलं. माझा आनंद फार टिकला नाही. सयाजीरावांनी सुंदर अक्षरात लिहिलं: फुलझाडे लावणे. इमारतीस रंग देणे. घंटा नवीन बसवणे. सायकलींसाठी जागा करणे. चार ओळी, आणि चारही पुढे बरोबरच्या खुणा. पाचवी ओळ नव्हतीच. समितीतल्या एका गृहस्थांनी माझ्यावरून हात फिरवून "उत्तम" म्हटलं. त्यानंतर दर वर्षी असंच होऊ लागलं. जे होणारच आहे तेवढंच माझ्यावर लिहायचं. माझ्या उभ्या आयुष्यात एवढं कौतुक कधी झालं नव्हतं, आणि एवढा अस्वस्थही मी कधी नव्हतो.

एकोणऐंशीच्या जूनमध्ये एक बाई व्हरांड्यात आली. हिरवं लुगडं, हातात पत्र्याची पेटी, सोबत एक उंच, लाजरी मुलगी. बाई सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली आणि भराभर वाचू लागली. वाचून संपल्यावर तिने पुन्हा वरपासून वाचलं. तेव्हा मी तिला ओळखलं. ती शेवंता होती.

तिने कारकुनाला विचारलं, "हितं मुलींच्या वसतिगृहाचं लिवल्यालं हुतं. ते कुठाय?"

कारकून मान वर न करता म्हणाला, "आता काही बाकी न्हाई, बाई. सगळी कामं पुरी झालीत. दिसतंय न्हवं?"

"पुरं झालं? बरं झालं की! मग दावा कुठं हाय ते. ही माझी नणंद, चिमणा. हिला ठेवायला आलोय."

कारकुनाने मान वर केली. कॉलेजला येणारी चार मुलं थांबली. गलका ऐकून सयाजीराव बाहेर आले. त्यांनी शांतपणे समजावलं की वसतिगृह नाही, तसा विचार पूर्वी होता, सध्या नाही.

"मग ते पुसलं कुणी?"

"बाई, फळा आहे तो. दर वर्षी पुसतातच."

"आदीचे सर पुसत नव्हते. शून्य काढायचे, पर ठेवायचे," शेवंता म्हणाली. तिचा आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत जात होता. "त्या ओळीकडं बघून मी घरला गेलतो. वाटलं, आपलं न्हाय झालं, पर कुणाचं तरी हुईल. तुमी तर ते नावच काढून टाकलं. हिला मी मागं न्हेणार न्हाय, सर. सासऱ्याशी भांडून आणलीय."

आणि ती माझ्याखाली पेटीवर बसली. चिमणा भिंतीला चिकटून उभी राहिली. सयाजीराव आत गेले, पुन्हा बाहेर आले, पुन्हा आत गेले. बारा वाजून गेले तरी शेवंता हलली नाही.

शेवटी नजीरा मॅडम बाहेर आल्या. नजीरा मुजावर भूगोल शिकवायच्या. त्या याच कॉलेजच्या विद्यार्थिनी. माझ्यावर काढलेली शून्यं त्यांनी मुलांच्या घोळक्यात उभं राहून पाहिली होती. त्या शेवंताजवळ बसल्या आणि हळू म्हणाल्या, "माझं घर जवळच आहे. घरात मी आणि आई. चिमणाला आमच्याकडं ठेवता का?"

शेवंताने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "तुमी कोन?"

"मुजावर. चालेल?"

"सासरा वरडंल," ती म्हणाली. "वरडू दे. पोरगी शिकली की गप हुईल."

चिमणा नजीरा मॅडमकडे राहिली. ही बातमी एस.टी.तून राधानगरीकडे गेली आणि मग काय, दर आठवड्याला कोणीतरी पेटी घेऊन यायला लागलं. मॅडम कोणालाच नाही म्हणेनात. एके सकाळी त्यांच्या आई लालबी डोक्यावरून पदर घेऊन कॉलेजात आल्या. सयाजीराव व्हरांड्यातच होते.

"साहेब, पोरी माझ्याकडंच ऱ्हाऊ देत, माझी तक्रार न्हाई," लालबी म्हणाल्या. "चुलीवर आणखी एक भाकरी टाकायला काय जातंय? पर काल एक पोरगी उंबऱ्यात बसून झोपली. पाय पसरायला जागा न्हाई. तुमी एकदा येऊन बघा. एवढंच सांगायला आलो."

सयाजीराव त्याच संध्याकाळी गेले. तिथे काय पाहिलं ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते प्रार्थनेआधीच आले. फुलझाडांच्या, रंगाच्या असल्या सगळ्या ओळी त्यांनी स्वतःच्या हाताने पुसल्या. मग नजीरा मॅडमना बोलावलं.

"मैदानाकडच्या दोन खोल्या रिकाम्या करू. चुना मारू. खाटा मागून आणू. पण त्यांना दारं नाहीत, मॅडम, आणि लाकडाला आत्ता पैसे शिल्लक नाहीत."

नजीरा मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. सयाजीरावांनीही पाहिलं.

"मग लिहायचं कुठं?" त्यांनी विचारलं.

"भिंतीवर लिहू, सर. दर्शनी भिंतीवर. भिंत काढून खोलीत ठेवता येत नाही."

सयाजीराव ओशाळून हसले. मला साखळ्यांवरून उतरवलं. सुताराने मला मधोमध कापलं. दुखलं का, असं विचाराल तर दुखलं. करीम मिस्त्रींनी जोडलेला सांधा सुटताना मोठा आवाज झाला. पण माझी दोन दारं झाली, पुढे कोयंडा आणि आतून कडी. मैदानावरच्या मुलांनी उंदीर हुसकावले, सतरंज्या उन्हात टाकल्या. समोर कॉलेजच्या भिंतीवर काळा चौकोन रंगवला गेला आणि सयाजीरावांनी त्यावर पहिली ओळ लिहिली: मुलींचे वसतिगृह. एप्रिलपर्यंत त्यांनी तिच्यापुढे काहीच काढलं नाही. मुलींना न्हाणीघर नव्हतं, म्हणून काम पुरं झालं असं त्यांना म्हणवेना. एप्रिलात त्यांनी सगळ्या मुलांसमोर अर्धीच खूण काढली आणि उरलेल्या अर्ध्याचं कारण मोठ्याने सांगितलं.

त्या एप्रिलच्या आधी, दिवाळीच्या सुट्टीला, शेवंता चिमणाला न्यायला आली होती. चिमणा मॅडमचा निरोप घ्यायला गेली आणि शेवंता खोलीत एकटीच राहिली. ती सगळ्या खाटांवरून हात फिरवत गेली. खिडकीतलं पुस्तक उचललं, ते रसायनशास्त्राचं निघालं. मग तिने मला आतून ओढून घेतलं, कडी लावली आणि खाटेवर मांडी घालून वाचायला बसली. बाहेर चिमणाने दोनदा हाक मारली. शेवंता म्हणाली, "आलो गं, एवढं पान हुंदे."

मित्रांनो, मी आजही फार शांत नाही. वारा आला की माझी कडी वाजते, आणि खोल्या अजून कमीच पडतात. पण तुमच्या शाळेत, तुमच्या गावात कुठे असा फळा असेल, तर एक करा. त्याला पुसा, धुवा, रंग द्या, पण जे काम झालेलं नाही त्याची ओळ काढू नका. ती वाचून कोणीतरी पेटी घेऊन निघालेलं असतं.